इर्याच्या गाडीचे पिस्टन

९ फेब्रुवारी, सोमवार

उणे एकतीस. वारा नाही. सकाळी इर्याची स्नोमोबाइल शेडमधून काढली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. गोठलेल्या तळ्यावरून तिच्या खडकापर्यंत जायचं, रस्ता बघून परत यायचं, एवढाच हेतू. ऐन वेळी गोंधळ नको म्हणून रंगीत तालीम. शाळेत नाताळच्या कार्यक्रमाआधीही मी तालीम घेतल्याशिवाय राहत नसे.

गाडी लगेच सुरू झाली. थंडी फार होती, म्हणून वेळ न घालवता अंगणातूनच पूर्ण वेगात सोडली. खडक समोर दिसायला लागला आणि इंजिन किंचाळून बंद पडलं. स्टार्टरची दोरी ओढली तर जागची हलेना. गाडी तिथेच सोडून चालत घरी आलो. भुवया गोठल्या होत्या.

कारण उघड आहे. पेट्रोल जुनं असणार. नाहीतर ऑइल हलकं. ऑइल इर्यानं आणलं होतं.

इर्या गाडी चालू करून ठेवायची, पायरीवर रेनडियरचं कातडं टाकून बसायची आणि अख्खा कप कॉफी प्यायची. तोवर गाडी अंगणात उगाच धडधडत राहायची. पेट्रोलची नासाडी. मी किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, तीही पितेय, पिऊ दे की.

कलश बाहेरच्या खोलीत टोप्यांच्या फळीवर आहे. ईस्टरला, बर्फ पक्का असताना, खडकाजवळ, जिथे ती दर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गळ टाकायची तिथेच राख सोडायची. हॉस्पिटलमध्ये हे तिनं मला पुन्हापुन्हा सांगितलं. दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं. तळ्याच्या पाण्याचा हक्क गावाच्या मंडळाकडे आहे, पण अध्यक्ष ओइवा शेजारीच राहतो. सौनाच्या वाफेत बसल्याबसल्या त्यानं परवानगी दिली.

ईस्टरला भरपूर वेळ आहे. काळजीचं कारण नाही.

१० फेब्रुवारी

ओइवानं आपल्या गाडीला बांधून इर्याची गाडी ओढत आणली. बॉनेट उघडून वास घेतला. विचारलं, मास्तर, निघण्याआधी कॉफी झाली होती का? मी म्हटलं, झाली होती, घरातच घेतली. तो म्हणाला, तुझी नव्हे रे, हिची.

ओइवा माणूस चांगला आहे, पण शास्त्रीय विचार त्याला झेपत नाही.

तो म्हणाला, ईस्टरला माझ्या गाडीमागच्या स्लेजमध्ये बस, मी नेतो तुम्हा दोघांना. मी नको म्हटलं. इर्या कधी कुणाच्या मागे बसून तळ्यावर गेली नाही. ती तिच्याच गाडीनं जाणार. इंजिन मी स्वतः दुरुस्त करणार. आयुष्यभर गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला दोन सिलिंडरचं इंजिन जड नाही.

ठराव: १) महिनाअखेर गाडी चालू. २) रोज एक वेळ तरी गरम जेवण. ३) कलशाशी बोलायचं नाही.

१३ फेब्रुवारी

इंजिन उघडलं. डावा पिस्टन ठीक. उजवा बघवत नाही. एका बाजूनं पार खरवडला गेलाय, लागलेल्या पातेल्याच्या तळासारखा. त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या आत चिकटलंय. घासून निघेल. दोन्ही पिस्टन नवे टाकायचे. जोडी सारखी हवी.

साइमीचा ओउलूहून फोन. इर्याची धाकटी बहीण, माझी मेहुणी. विचारलं, जेवतोस का. मी म्हटलं, ठराव केलाय. ती म्हणाली, ठराव कशाशी खातोस?

१८ फेब्रुवारी

रोवानिएमीला पार्टच्या दुकानात फोन केला. काउंटरवर राइली नावाची बाई असते. तिच्याकडे दोन प्रकार आहेत. ओतीव पिस्टन आणि घडीव पिस्टन. घडीव जास्त दणकट, शर्यतवाले तोच वापरतात. तिनं विचारलं, गाडी कशासाठी वापरणार. मी म्हटलं, तळ्यावर. एकदा जायचं, एकदा यायचं. ती म्हणाली, मग साधा ओतीव घ्या आणि मोकळे व्हा.

विचार करून कळवतो म्हटलं. घाईत घेतलेला निर्णय पुढे भोवतो. ही गाडी इर्यानं अशीच घेतली. मी बाहेर कार लावतोय तोवर तिनं आत जाऊन पिवळी बघून पसंत केली. कारणं विचारली तर म्हणाली, बर्फात दिसते.

२३ फेब्रुवारी

घडीव घ्यायचं ठरलं. एकदाच घ्यायचं तर उत्तम घ्यावं.

२५ फेब्रुवारी

घडीव रद्द. घडीव पिस्टन तापला की जास्त फुगतो, त्यामुळे निघण्याआधी इंजिन जास्त वेळ चालू ठेवावं लागतं. म्हणजे परत तो कॉफीचा प्रकार. ओतीव घ्यायचे.

वाटाण्याचं सूप. गेला आठवडाभर तेच. गरम आहे, म्हणजे ठराव मोडला नाही.

२६ फेब्रुवारी

झोप नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन ओतीव की घडीव हा मुद्दा दोन्ही बाजूंनी मोठ्यानं मांडला. हे कलशाशी बोलणं नव्हे. मोठ्यानं विचार करणं वेगळं.

ओतीव मागवले.

६ मार्च

पिस्टन आले. तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेले. हातात घेतले तर इतके हलके की वाटलं, पोकळच आहेत. तसे ते पोकळच असतात.

आजच बसवणार होतो. पण न मोजता बसवायला मी काही ओइवा नाही. अचूक मोजणारं गेज मागवलंय. दोन-चार दिवसांचा प्रश्न. महिनाअखेर हुकली, पण ती फेब्रुवारीची होती. फेब्रुवारी तसाही छोटा महिना.

११ मार्च

उणे सव्वीस. गेज आलं. शेडमध्ये जाऊन सिलिंडर मोजला. बोटं धातूला चिकटत होती. मग आत येऊन स्वयंपाकघरात, स्टोव्हशेजारी बसून पिस्टन मोजले. तीन-तीनदा. पिस्टन सिलिंडरपेक्षा केसाइतका तरी लहान हवा, नाहीतर अडकतो. इथे तेवढीही जागा नाही. हे पिस्टन बसवले असते तर इंजिन पुन्हा गेलं असतं. तेही तळ्याच्या मधोमध, कलशासकट.

मोजायचं सुचलं हे किती बरं झालं. इर्या असती तर तिला कबूल करावंच लागलं असतं.

१२ मार्च

पिस्टन परत पाठवले. सोबत राइलीला पत्र. सभ्य, पण ठाम. आपल्याकडून चुकीचं माप पाठवलं गेलं आहे, अशा हलगर्जीपणामुळे या भागात माणसाच्या जिवावर बेतू शकतं, वगैरे. नीट वाचून पाहिलं, एक वाक्य जास्त कडक वाटलं. तसंच ठेवलं.

एक माप लहान असलेले मागवले. ते फक्त घडीवमध्ये मिळतात. असू दे.

२० मार्च

लहान पिस्टन आले. बाहेर उणे बावीस. शेडमध्ये बोटं चालेनात, म्हणून सिलिंडरच उचलून घरात आणला. रात्रभर स्वयंपाकघरात ठेवला. टेबलावर, इर्याच्या खुर्चीसमोर. दुसरीकडे जागा नव्हती.

२१ मार्च

सकाळी सिलिंडरमध्ये लहान पिस्टन घालून पाहिला. खुळखुळतो. अक्षरशः खुळखुळतो. परत मोजलं. सिलिंडर आधीपेक्षा मोठा झालाय.

गेज बिघडलंय. दुसरं मागवतो.

२२ मार्च

दुसरं गेज मागवलं नाही.

नोंदीसाठी लिहितो. थंडीत धातू आकसतो, उबेत फुगतो. लोखंडाचं कडं आणि त्यातून जाणारा गोळा. गोळा तापवला की कड्यातून जात नाही. हा प्रयोग मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी दाखवत असे. मुलांना आवडायचा.

सिलिंडर उणे सव्वीसमध्ये मोजला होता, पिस्टन स्टोव्हशेजारी. पहिले पिस्टन बरोबर असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

हे कुणाला सांगण्याचं कारण नाही.

२४ मार्च

राइलीला फोन. पहिल्याच मापाचे पिस्टन पुन्हा हवेत, असं सांगितलं. तिनं विचारलं, तेच, जे आपण परत पाठवलेत? मी म्हटलं, त्याच मापाचे. मग म्हणाली, ते स्वीडनला परत गेले हो, आपल्या पत्रासकट. आता ईस्टरची सुट्टी मध्ये येतेय, सुट्टीनंतरच मिळतील. मी म्हटलं, घाई नाही.

फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिलो. घाई नाही, असं मी का म्हणालो माहीत नाही. घाई आहे.

३० मार्च

तिचे बूट अजून दाराशी आहेत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. बोळे तिनेच कोंबले होते, शेवटच्या वेळी ओले झाले तेव्हा. आज बूट वर उचलून ठेवणार होतो. पिस्टनच्या गडबडीत राहिलं.

२ एप्रिल, गुरुवार

साइमी आली. ओउलूपासून एकटी गाडी चालवत. सोबत ईस्टरची काळी माल्टची खीर, काळा पाव आणि फुलं. बाहेरच्या खोलीत आली आणि टोप्यांच्या फळीसमोर थांबली. कलशाच्या एका बाजूला जुन्या पिस्टनची जोडी, दुसऱ्या बाजूला खुळखुळणारी. ती बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, फळी सपाट आहे, म्हणून ठेवलेत. ती म्हणाली, आणि तिसरी जोडी आली की कुठे ठेवणार? टोप्या काढणार का ताई?

म्हणजे कलशाला हलवणार का, असा अर्थ होता. बहिणी आहेत, बोलायची पद्धत सारखीच.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

उणे आठ. लख्ख ऊन. वारा नाही. बर्फ मीटरभर जाड. अख्खं गाव तळ्यावर, मासे धरायला. इर्याला हवा होता तो दिवस हाच, हे मलाही दिसत होतं.

ओइवा सकाळीच स्लेज घेऊन दारात. स्लेजमध्ये कातडी अंथरलेली, वर इर्याचा आवडता निळा पट्टेरी लोकरी पट्टू. हा ओइवाकडे कसा, तर तिनेच त्याला कधीतरी उसना दिला होता. तो म्हणाला, चल मास्तर, फक्त बसायचंय.

मी म्हटलं, पिस्टन पुढच्या आठवड्यात येतायत.

साइमी म्हणाली, स्कीवर जाऊ, फार लांब नाही. मी गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, मग चालत जाऊ. मी म्हटलं, ती तिच्याच गाडीनं जाणार, तिची तशीच इच्छा होती. साइमीनं विचारलं, असं ताई म्हणाली होती? मी खरं ते सांगितलं. म्हणाली नव्हती, पण तसं अभिप्रेत होतं. साइमी म्हणाली, ताउनो, माझ्या बहिणीला काही अभिप्रेत असलं ना, तर ते सगळ्या गावाला ऐकू जायचं.

ओइवा टोपी उलटसुलट करत राहिला.

शेवटी साइमी एकटीच इर्याचं बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन त्याच्या स्लेजमध्ये बसली. मी खिडकीतून पाहिलं. इतक्या लांबून काळे ठिपके दिसतात फक्त. एक ठिपका खडकाजवळ बसून होता.

दुपारी मासा घेऊन आली. म्हणाली, त्याच जागी भोक पाडलं, बाजूला स्प्रूसच्या फांद्या रोवून ठेवल्यात, म्हणजे तुला सापडेल. मासा लोण्यात भाजला. मला गेला नाही.

५ एप्रिल

साइमी गेली. निघताना मिठी मारली नाही, खांद्यावर थाप मारली. म्हणाली, मी रागावले नाहीये, एवढंच लक्षात ठेव. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिनं इर्याचे बूट हलवले नाहीत. मला वाटलं होतं ती हलवेल.

ठराव: पिस्टन आल्याच्या दिवशी बसवायचे. मोजायचे नाहीत.

१४ एप्रिल

पिस्टन आले. मोजले. या वेळी सगळं स्वयंपाकघरात, एकाच तापमानाला. माप अचूक. केसाइतकी जागा, जशी हवी तशी. पहिलीही जोडी अशीच होती असणार, पण त्याला आता पुरावा नाही.

बसवायला सुरुवात. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो. तो धूर बाहेर जातो त्या बाजूला हवा. हे मला माहीत होतं. तरी एक उलटा बसवला. काढून सुलटा केला. पिस्टन पिनेवर धरून ठेवायला तारेचं बारीक लॉक असतं, ते चिमट्यानं दाबून खाचेत बसवायचं. तीन बसली. चौथं उडालं.

१५ एप्रिल

लॉक सापडत नाही. ते खाली इंजिनच्या पोटात पडलं असलं तर गाडी सुरू होताक्षणी सगळं संपलं. चुंबक दोरीला बांधून आत सोडलं, गळासारखं. काही लागलं नाही. सोडून बसलो. पुन्हा टाकलं. इर्या दिवसभर अशी बसायची आणि मी म्हणायचो, यात काय मिळतं तुला.

१६ एप्रिल

चुंबक. काही नाही. इंजिनचा खालचा भाग पूर्ण उघडावा लागणार. म्हणजे मे उजाडणार. ओइवाला सांगितलं तर तो म्हणाला, मास्तर, तुझ्या हातून एव्हाना विमान तयार झालं असतं.

सूपही केलं नाही.

१८ एप्रिल

लॉक सापडलं. मी शेडमध्ये इर्याचा लोकरीचा जाड स्वेटर घालतो. काळा, मळला तरी दिसत नाही, म्हणून. दुसरं काही कारण नाही. लॉक त्याच्या बाहीच्या विणीत अडकलं होतं. उगाच खिसे तपासले, आणखी काही राहिलं असेल म्हणून. डाव्या खिशात साखरेचा खडा मिळाला. ती कॉफी पिताना दातात धरायची तसला. जरा मळलेला.

खडा परत खिशात ठेवला.

२१ एप्रिल

इंजिन सुरू झालं. पहिल्याच दोरीत. आवाज स्वच्छ. शेडमध्ये धूर फार झाला, डोळे चुरचुरायला लागले, म्हणून बाहेर येऊन पायरीवर बसलो. बराच वेळ चुरचुरत होते.

ओइवा कुंपणावरून म्हणाला, झाली का गं पिवळे? आणि मग मला, आता उद्याच नेऊन टाक मास्तर, बर्फ अजून झकास आहे.

उद्या शक्य नाही. नवे पिस्टन रुळवावे लागतात. पहिली टाकी हळू चालवून संपवायची, असं पुस्तकात आहे. आधीच्या घाईचा परिणाम आपण पाहिला आहे.

२७ एप्रिल

रोज अंगणात फेऱ्या. घराला वळसा, सौनाला वळसा, शेडला वळसा, परत घर. पिस्टन उत्तम रुळतायत. ओइवाची बायको खिडकीत उभी राहून बघते. ओइवा म्हणाला, कुंपणात कोंडलेलं रेनडियरसुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नाही रे.

दक्षिणेच्या बाजूला बर्फ वितळून गवत दिसायला लागलंय. तिथून जाताना गाडी खरवडते. तेवढा भाग टाळून वळतो.

३ मे

तळ्यावरच्या स्नोमोबाइलच्या वाटेच्या काठ्या आज ओइवा आणि मंडळी काढून घेऊन गेली. दरवर्षी काढतात, त्यात विशेष नाही. त्यांनी माझ्या दारासमोर गाडी मंद केली. मी आत होतो.

टाकी अजून थोडी शिल्लक आहे.

५ मे

टाकी संपली. पिस्टन रुळले. आज जाणार होतो. धुकं.

७ मे

धुकं नाही. सीटचं रेक्झिन एका टोकाला उसवलं होतं. कलश मागे बांधायचा, सीट धड हवी. शिवलं.

९ मे

आज सगळं तयार. कलश फळीवरून उतरवला. इतके दिवस तिथे होता, खाली धुळीत गोल उमटलाय. कलश इर्याच्या शालीत गुंडाळून मागे बांधला. गाडी चालू केली. आणि पायरीवर बसून कॉफी प्यायलो, अख्खा कप. घडीव असो वा ओतीव, इंजिन तापू देणं शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे.

काठापर्यंत गाडी अशी गेली की बस. ओइवा तिथेच उभा, लांब लोखंडी पहार घेऊन. माझ्याकडे न बघता त्यानं पहार बर्फावर मारली. ती एका दणक्यात आरपार गेली. बर्फ अजून जाड आहे, पण आतून सुयासुया होऊन मोकळा झालाय. काठाशी पाण्याचा पट्टाही सुटलाय. ओइवा म्हणाला, मास्तर, पहाटे गोठलेलं असताना माणूस जाईल. गाडी नाही जाणार. गाडीचं संपलं यंदाचं.

मी म्हटलं, पिस्टन नवे आहेत. तो म्हणाला, हो, ऐकू येतंय. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला. गाडी चालू होती. एकसारखी, कुठे अडखळत नव्हती.

कलश घेऊन परत आलो. धुळीतल्या गोलावर नीट बसवून ठेवला.

१० मे

आज काही केलं नाही.

११ मे

काही नाही. बर्फ जाणार, मग होडीचे दिवस. पण तिला बर्फातून हवं होतं. एवढी एकच गोष्ट सांगितली होती तिनं. शेवटी बोलणं कमी झालं तेव्हाही तेवढंच म्हणायची, भोकातून, खडकाजवळ, आणि मी म्हणायचो, हो, हो.

१२ मे

साइमीला फोन केला. सगळं सांगितलं. मोजण्याचंही, स्टोव्हशेजारचं. ती हसेल वाटलं होतं. हसली नाही. विचारलं, ताईशी तुझं भांडण व्हायचं तेव्हा कोण जिंकायचं? मी म्हटलं, ती. साइमी म्हणाली, मग आता कशाला वाद लांबवतोयस?

मग म्हणाली, पहिल्या दिवशी गाडी बंद पडली ती खडकाजवळच ना? आणि तू घरी कसा आलास?

मी म्हटलं, चालत.

ती म्हणाली, तेच म्हटलं.

१४ मे

पहाटे उणे चार. इथे आता रात्र अशी उरलेली नाही, सगळा वेळ उजेडच. इर्याची पायानं ढकलायची स्लेज शेडच्या मागून काढली. दूध आणायला जायची तीच. बसायच्या फळीवर कलश बांधला. गिरमिट, पहार आणि लांब काठी घेतली. ओइवाच्या घरात स्वयंपाकघरातला पडदा हलला. तो बाहेर आला नाही. आपल्या धक्क्यापासून बर्फापर्यंत त्यानं आधीच दोन फळ्या टाकून ठेवल्या होत्या.

रात्रीच्या गारठ्यानं वरचा थर कडक झाला होता. पावलापुढे पहार आपटत गेलो. गुडघा दुखला नाही. फार लांब नाहीच.

साइमीनं रोवलेल्या फांद्या कलंडल्या होत्या, पण होत्या. भोकावर नवा बर्फ धरला होता. गिरमिट फार फिरवावं लागलं नाही. पाणी वर आलं, काळं. कलशाचं झाकण घट्ट होतं, हातमोजे काढावे लागले.

राख लगेच खाली जात नाही. थोडी पाण्यावर राहते, थोडी कडेच्या बर्फाला चिकटते. ती बोटानं सारली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. बोललो नाही. स्लेजच्या फळीवर बसून भोकाकडे बघत राहिलो. ऊन वर यायला लागलं तसा निघालो. फांद्या सरळ करून ठेवल्या. त्याची गरज नव्हती.

काठाशी एक पाय पाण्यात गेला. घरी येऊन बूट काढले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि दाराशी ठेवले. तिच्या बुटांशेजारी.

उन्हाळ्यासाठी गाडी ठेवायची तर आधी इंजिन थोडा वेळ चालवून, आत तेल पोचवून मग बंद करतात. म्हणून गाडी बाहेर काढून सुरू केली. अंगणातल्या गवतावर उभी होती. पिस्टन उत्तम निघाले. पुढच्या हिवाळ्याआधी घडीवचा विचार करायला हरकत नाही, योग्य मापात.

कॉफी ओतून घेतली, पायरीवर कातडं टाकलं. साखरेचा खडा दातात धरला. लोकरीचा एक धागा लागला, तो काढला. गाडी धडधडत होती. कप संपला तशी गाडी बंद केली, आत जाऊन कप धुतला आणि पालथा घातला.